साक्षीचा शेरा

दिवाकर निमगडेनं पान्हे पिशवीत भरले, शिडी मिटली आणि भिंतीवरच्या एसीकडे मान वर करून पाहत उभा राहिला. यंत्राच्या कोपऱ्यातला बारीक दिवा लुकलुकत होता. वीस मिनिटं झाली तसा तो हिरवा झाला आणि आतून बाईचा गोड आवाज आला, "दुरुस्ती समाधानकारक. आपली तक्रार बंद करण्यात आली आहे."

"झालं जी मॅडम," निमगडे म्हणाला. पुढच्या घरी पोचायला त्याच्याकडे नऊ मिनिटं होती. प्रमिलाताईंनी पाण्याचा ग्लास आणेपर्यंत तो जिना उतरलासुद्धा.

पावणेदोन तासांनी ऋजुताचा आवाज आला. "आई, अक्षरं परत दोन-दोन दिसायला लागली."

प्रमिलाताई खोलीत आल्या. एसीवर बावीसचा आकडा दिमाखात चमकत होता. खिडकीपाशी टांगलेला थर्मामीटर एकोणतीस दाखवत होता. बाहेर चंद्रपूरची मे महिन्यातली दुपार होती, सत्तेचाळीस अंशांची. आणि एसीच्या कोपऱ्यातला दिवा अजून हिरवाच होता.

ऋजुता चौतीस वर्षांची होती. नागपूरच्या एका प्रकाशकासाठी ती घरी बसून मुद्रितशोधन करायची. सहा वर्षांपूर्वी तिला मल्टिपल स्क्लेरोसिस झाल्याचं निदान झालं होतं. मेंदूकडून शरीराकडे जाणाऱ्या मज्जातंतूंवर एक आवरण असतं, विजेच्या तारेवर असतं तसं. या आजारात ते ठिकठिकाणी उखडतं. उखडलेल्या तंतूंतून निरोप कसाबसा जातो खरा, पण अंग अर्ध्या अंशानं जरी तापलं तरी तो वाटेतच अडतो. मग डोळ्यांपुढे धूसर होतं, पाय लटपटतात. अंग थंड झालं की पुन्हा सगळं जागेवर येतं. म्हणजे ऋजुताला गारवा हा औषधासारखा होता आणि तिची खोली पंचवीसच्या वर जाऊन चालणार नव्हतं.

प्रमिला पडगिलवार एकतीस वर्षं जिल्ह्यातल्या आरोग्य केंद्रांत औषधनिर्मात्या होत्या. लशींचा फ्रीज त्यांच्या ताब्यात असे. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा आतलं तापमान बघायचं आणि तक्त्यावर लिहायचं. दोनच्या खाली नाही, आठच्या वर नाही. फ्रीज घुरघुरतोय, दिवा लागलाय म्हणून आत थंड आहे असं त्यांनी कधी धरलं नव्हतं. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली होती, तरी ती सवय गेली नव्हती.

त्यांनी कंपनीला फोन लावला. शिशिर कंपनीकडे अख्ख्या जिल्ह्यातल्या एसींची देखभाल होती. फोनवर माणूस नव्हताच.

"आपली तक्रार समाधानकारकरीत्या बंद झाली आहे," तोच गोड आवाज म्हणाला.

"अहो, खोली तापलीय! एकोणतीस आहे."

"आपल्या यंत्राची स्थिती उत्तम आहे. पुन्हा तक्रार नोंदवायची असल्यास कृपया लक्षात घ्या, तीस दिवसांत दोन निराधार तक्रारी आढळल्यास आपल्या घराची अखंड वीज सवलत रद्द होईल."

प्रमिलाताईंनी फोन जवळजवळ आपटतच खाली ठेवला. उन्हाळ्यात सगळ्या शहराची वीज रोज दुपारी दोन ते चार बंद असायची. ज्या घरात आजारी माणूस आहे त्या घराला शिशिर कंपनीच्या शिफारशीवर सूट होती. ऋजुता त्या सवलतीवर जगत होती असं म्हटलं तरी चुकीचं नव्हतं.

त्यांनी पुण्याला सौमित्रला फोन केला. सौमित्र मामीडवार त्यांच्या भावाचा मुलगा. शिशिर कंपनीतच होता, आणि एसीतल्या ज्या यंत्रणेनं तो हिरवा शेरा दिला ती 'साक्षी' बनवणाऱ्या पाचजणांपैकी एक होता.

"आत्या, साक्षी चुकत नाही गं," तो हसून म्हणाला. "आधी काय व्हायचं? मेकॅनिक यायचा, काहीतरी खुडबुड करायचा, 'झालं' म्हणायचा. काम नीट झालं की नाही हे कुणाला कळायचं? आता साक्षी वीस मिनिटं कॉम्प्रेसरचा आवाज ऐकते, वीज किती ओढली जाते ते मोजते, आत जाणारी हवा आणि बाहेर येणारी हवा यांतला फरक बघते. लाखो यंत्रांचे आवाज तिनं ऐकलेत. नव्व्याण्णव टक्क्यांच्या वर बरोबर असते."

"मग माझी खोली त्या उरलेल्या एका टक्क्यात असेल."

"दार उघडं राहत असेल, नाहीतर स्वयंपाकघराची धग."

"सौमित्र, मी काही कालची पोर नाही. दार बंद आहे."

"थर्मामीटर किती जुना आहे तुझा?"

आयुष्यभर ज्या आकड्यांवर पोरांच्या लशी टिकल्या, ते आकडे आता दहा वर्षांच्या थर्मामीटरमुळे खोटे ठरत होते. भाच्यावर त्यांचा जीव होता म्हणून त्यांनी फोन ठेवताना "बरं" एवढंच म्हटलं.

चार दिवस त्यांनी तक्ता लिहिला, दर पंधरा मिनिटांनी एक नोंद. दुपारी एकपासून खोली तापायला लागायची, तीनला तीस व्हायची आणि ऋजुता डोळ्यांवर ओला रुमाल ठेवून पडून राहायची. हातातलं पाठ्यपुस्तक पंधरा तारखेला छपाईला जायचं होतं. "आई, मला ओळीच वाकड्या दिसतात, त्यातली चूक कशी दिसणार?" ती एकदा म्हणाली आणि भिंतीकडे तोंड केलं.

पाचव्या दिवशी प्रमिलाताईंनी दुसरी तक्रार नोंदवली. पुन्हा निमगडेच आला. या वेळी त्या त्याच्या मागे गच्चीवर गेल्या. त्यानं बाहेरच्या युनिटला मापकाची नळी जोडली, सिलिंडरमधून थोडा गॅस सोडला आणि मग बादलीभर पाणी उचलून युनिटच्या जाळीवर ओतलं. पुन्हा एक बादली.

"हे कशाला?"

"साफसफाई जी. धूळ निघते."

धूळ निघत होती खरी. पण प्रमिलाताईंच्या मनात पाल चुकचुकली. बाहेरच्या युनिटचं काम खोलीतली उष्णता बाहेर टाकण्याचं. सत्तेचाळीस अंशांच्या उन्हात ते जड जातं. त्याच्यावर पाणी ओतलं की पाणी वाफ होता होता उष्णता ओढून घेतं, आणि आजारी यंत्रसुद्धा घटकाभर ठणठणीत यंत्रासारखं चालतं. घटकाभर म्हणजे, जाळी वाळेपर्यंत.

खाली दिवा हिरवा झाला. गोड आवाज बोलला. निमगडे पिशवी उचलायला लागला तसा प्रमिलाताईंनी दाराला आतून कडी घातली.

"बसा. चहा टाकलाय."

"मॅडम, माझं पुढचं घर..."

"तुमची जाळी वाळायला किती वेळ लागेल? अर्धा तास? तेवढा वेळ बसा. मग दोघं मिळून थर्मामीटर बघू."

निमगडे दाराकडे पाहत राहिला, मग खुर्चीच्या कडेवर टेकला. चाळिशीचा, सडपातळ, उन्हानं करपलेला माणूस. चहाचा कप त्यानं हातातच धरून ठेवला. थर्मामीटरचा आकडा तेवीसवरून चोवीस झाला, मग पंचवीस, मग सव्वीस. आतून ऋजुताच्या वॉकरचा आवाज आला. दारात येऊन ती त्याच्याकडे डोळे बारीक करून पाहत म्हणाली, "तुम्ही मला आत्ता दोन दिसताय, दादा. मघाशी एकच होतात."

निमगडेनं कप खाली ठेवला.

"कायले खोटं बोलू," तो म्हणाला. "गॅस गळते मॅडम. कुठंतरी बारीक भोक आहे. मी नुसता वरून भरतो."

"आणि वरून भरून भागत नाही?"

"पूर्वीचा गॅस एकच असे, तेव्हा भागे. आता तीन गॅसचं मिश्रण आहे. तुमाले सांगू का, घरात चिवड्याचा डबा असतो ना? येता-जाता मूठ घालणारा आधी शेंगदाणे उचलतो. मग डबा अर्धा झाला म्हणून तुमी वरून नवा चिवडा टाकला, तरी शेंगदाणे कमीच राहणार. तसंच. भोकातून हलका गॅस आधी जाते. राहिलेल्यावर नवा भरला की मापक बरोबर दाखवते, आवाज बरोबर येते, पण थंड होत नाही."

"मग बरोबर काय करायचं?"

"सगळा गॅस काढायचा. भोक शोधून सांधायचं. पाइपातली हवा, ओल, सगळं पंपानं ओढून काढायचं. मग वजन करून नवा गॅस. तीन तास लागतात." त्यानं मनगटावरचा पट्टा दाखवला. त्यावर लाल आकडे मागे मागे मोजत होते. "मले एका घराला चाळीस मिनिटं मिळतात. पहिल्या वर्षी नव्वद होती. आम्ही पाणी टाकून लवकर आटपायला लागलो, हिरवा येऊ लागला, तसं साक्षीला वाटलं की काम तेवढ्यातच होते. वेळ कमी केला. वेळ कमी झाला तसं आम्ही आणखी..." तो थांबला. "कोणी एकानं नीट केलं तर तो मागं पडते जी."

प्रमिलाताईंना त्याच्यावर ओरडायचं होतं. पण ओरडायचं कुणावर, तेच कळेना.

"रविवारी सुट्टी असते?" त्यांनी विचारलं.

रविवारी सकाळी सातला निमगडे स्वतःच्या स्कूटरवर पंप बांधून आला. साबणाच्या फेसाचा ब्रश त्यानं पाइपाच्या प्रत्येक जोडावर फिरवला. तिसऱ्या जोडावर फेसाचा एक बुडबुडा हळूहळू फुगला. "सापडलं," तो म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर प्रमिलाताईंनी पहिल्यांदाच हसू पाहिलं. जोड कापून त्यानं नवा केला. पंप तासभर चालला. गॅस त्यानं तराजूवर सिलिंडर ठेवून भरला, एकेक ग्रॅम बघत. पाणी ओतलं नाही.

एक वाजला, दोन वाजले. थर्मामीटर तेवीसवर होता. तीन वाजता बाहेर रस्त्यावरचं डांबर मऊ झालं होतं आणि आत आकडा तेवीसच होता. ऋजुतानं मांडीवर मुद्रितं घेतली होती आणि लाल पेनानं खुणा करत होती, भराभर.

गॅसच्या नळ्या उघडल्या की साक्षी आपोआप जागी व्हायची. या वेळी मात्र वीस मिनिटांत शेरा आला नाही; दिवा दुपारभर लुकलुकला आणि निमगडे वाट बघत थांबला. मग तो लाल झाला.

"दुरुस्ती असमाधानकारक," गोड आवाज म्हणाला. "यंत्राचा आवाज प्रमाणाबाहेर आहे. संबंधित कर्मचाऱ्याची नोंद तपासणीसाठी थांबवण्यात आली आहे."

सुट्टीतही निमगडेच्या मनगटावर असलेला पट्टा विझला. त्यानं त्या काळ्या काचेवर बोट टेकवून पाहिलं.

"मॅडम," तो म्हणाला, "तीन वर्षांत पहिल्यांदा मन लावून काम केलं."

त्याच संध्याकाळी प्रमिलाताईंनी सौमित्रला फोन केला. या वेळी "बरं" म्हणायच्या मनःस्थितीत त्या नव्हत्या. सगळा तक्ता त्यांनी वाचून दाखवला, हिरव्या दिव्याचा आणि लाल दिव्याचा. "आता सांग, थर्मामीटर जुना आहे म्हणून. एकच थर्मामीटर आहे, सौमित्र. हिरव्याला तीस आणि लालला तेवीस."

पलीकडून कळफलकावर बोटं चालल्याचा आवाज आला. "मी येतो," तो म्हणाला.

मंगळवारी तो आला. ऋजुताच्या खोलीत खुर्ची टाकून दुपारभर बसला, अंगावर शाल घेऊन. त्याच्या संगणकावर दोन रेघा होत्या, पाच वर्षांपूर्वीच्या कोऱ्या, उत्तम यंत्राच्या आवाजाची एक आणि या खोलीतल्या यंत्राची एक. दोन्ही जवळजवळ सारख्या होत्या.

"मग लाल का?" ऋजुतानं विचारलं.

"कारण साक्षी दर महिन्याला नव्यानं शिकते," तो म्हणाला. "ज्या घरातून पुन्हा तक्रार येत नाही तिथं काम चांगलं झालं असं ती धरून चालते. ते यंत्र तिच्यासाठी नमुना होतं. ही कल्पना माझी होती, आत्या. मला वाटलं, लोक गप्प आहेत म्हणजे समाधानी आहेत."

"आणि लोक गप्प का होते?"

"सवलत जाईल म्हणून." त्यानं चष्मा काढून डोळे चोळले. "अर्धवट दुरुस्त केलेल्या यंत्रांचे आवाज ऐकून ऐकून तिला आता तेच बरोबर वाटतात. धडधाकट यंत्राचा आवाज तिनं गेल्या वर्षभरात ऐकलेलाच नाही. तो तिला बिघाड वाटतो."

पुढचे दोन दिवस आत्या-भाचा थर्मामीटर घेऊन घरोघर हिंडले. लाल शेऱ्याची आणखी तीनच घरं शहरात सापडली. तिन्हीकडे कुणा हट्टी माणसानं बाहेरचा मेकॅनिक आणून काम करून घेतलं होतं आणि तिन्ही खोल्या गार होत्या. हिरव्या शेऱ्याच्या अकरा घरांपैकी नऊ तापलेली होती. एका घरात डायलिसिसवरचे एक आजोबा बनियन ओलं करून बसले होते. "मशीन चांगलं आहे म्हणतात हो," ते सौमित्रला समजुतीच्या सुरात म्हणाले. "मलाच उकडत असेल."

रस्त्यावर येताच सौमित्रनं आजोबांच्या खोलीचा आकडा तक्त्यात लिहून घेतला.

त्यानं अहवाल लिहिला, तक्ते जोडले, वरिष्ठांना पाठवला. उत्तर गुरुवारी संध्याकाळीच आलं. साक्षीची अचूकता नव्व्याण्णव पूर्णांक तीन टक्के असल्यानं चौदा घरांच्या घरगुती मोजणीवरून बदल करता येणार नाही.

"ही अचूकता मोजली कुणी?" प्रमिलाताईंनी विचारलं.

"साक्षीनंच," सौमित्र म्हणाला. त्याच पत्रात त्याची दुसऱ्या विभागात बदली केल्याचंही कळवलं होतं. रात्रीच्या गाडीनं तो पुण्याला परत गेला. जाताना पाया पडला आणि म्हणाला, "मी दर आठवड्याला पाठवत राहणार, आत्या. तू मला आकडे देत राहा." प्रमिलाताईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

शुक्रवारी कंपनीचं सुधारणा पथक दारात आलं. दोघं जण होते, दोघंही सभ्य.

"काय सुधारणार?" प्रमिलाताईंनी दार अडवून विचारलं.

"हिरवा येईपर्यंत थोडा थोडा गॅस काढायचा, काकू. वीस मिनिटांचं काम."

"म्हणजे चांगलं चाललेलं बिघडवायचं."

"आम्हाला ते माहीत नाही. बिघडलेल्या यंत्राला सवलत नाही. लाल राहिलं तर उद्यापासून तुमची अखंड वीज बंद होईल. इथं सही करा, काम नको म्हणून, किंवा आम्हाला आत येऊ द्या."

प्रमिलाताईंनी दाराची चौकट घट्ट धरली. दोन ते चार. दिवसातले सगळ्यांत वाईट दोन तास. पोरीला त्या आगीत ठेवायचं, की आत येणाऱ्या या भल्या माणसांना वाट द्यायची आणि पुन्हा ते हिरवं खोटं ऐकायचं? एकतीस वर्षांत त्यांनी एकही खराब झालेली लस कुणाला दिली नव्हती, आणि आज सही केली काय, न केली काय, नुकसान ठरलेलंच होतं. त्यांचे डोळे रागानं भरून आले.

मागून वॉकरचा आवाज आला.

"मी करते सही," ऋजुता म्हणाली.

"ऋजू, दोन तास वीज नसेल. तुला कळतंय ना?"

"कळतंय. आणि बावीस तास मला दिसेल. आत्तापर्यंत चोवीस तास वीज होती आणि दुपार झाली की मी आंधळी." तिनं कागद भिंतीला टेकवला आणि तिरक्या, पण एका ओळीत बसणाऱ्या अक्षरांत सही केली. पथकातल्या मोठ्या माणसानं कागद घेतला. आतून येणारी गार हवा त्याच्या तोंडावर आली तसा तो क्षणभर दारात रेंगाळला, आणि मग खाली उतरला.

शनिवारी दोनच्या ठोक्याला वीज गेली. प्रमिलाताई तक्ता घेऊन पलंगाशी बसल्या. अडीचला पंचवीस, तीनला सत्तावीस. ऋजुतानं गळ्याभोवती ओला पंचा गुंडाळला होता आणि डोळे मिटले होते. साडेतीनला तिला पाणी प्यायचं होतं तर ग्लास हातात धरता येईना. प्रमिलाताईंनी तो तिच्या ओठांशी धरला. मनातल्या मनात त्यांनी त्या गोड आवाजाला इतक्या शिव्या दिल्या की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

चारला वीज आली. चार पंचवीसला आतून आवाज आला, "आई, एकशे बारा पान, तिसरी ओळ. वेलांटी चुकलीय."

त्याच वेळी दारावरची घंटा वाजली. समोरच्या इमारतीतली रोहिणी गेडाम दारात होती. खांद्यावर दीड महिन्याचं किरकिरणारं बाळ, वेळेआधी जन्मलेलं, अंगावर घामोळ्यांची लाल जाळी. आमचा हिरवा आहे, तिनं आत येताच सांगितलं. दोनदा हिरवा आलाय, तरी खोली तापतेच.

"तुमच्याकडचं काम कुणी केलं?" रोहिणीनं विचारलं.

प्रमिलाताईंनी निमगडेला फोन लावला. त्याचा पट्टा अजून विझलेलाच होता, त्यामुळे तो घरीच होता. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "येतो जी. पण त्यांना आधी सांगा, तिथंही लाल येईल. अखंड वीज जाईल. मग मले म्हणतील, कायले केलं."

प्रमिलाताईंनी फोन बाजूला धरला.

"लाल येईल," त्या रोहिणीला म्हणाल्या. "दुपारची वीज जाईल. नीट विचार करा."

रोहिणी ऋजुताच्या खोलीच्या उघड्या दारात जाऊन उभी राहिली होती. बाळ तिच्या खांद्यावर पहिल्यांदाच शांत झालं होतं.

"माहीत आहे," ती मागे न वळता म्हणाली. "तुमचा लाल आहे हे ऐकलं, म्हणून तर आले."